बेल वाजली, की बोजारा काढा!

‘‘अगं, अख्खं गाव फक्त पोरांसाठी रस्त्यावर येतं! आपल्याकडे असं काही का नाही?’’

गेल्या जानेवारीतली गोष्ट. स्पेनहून परतलेली मैत्रीण लॅपटॉपवर फोटो दाखवत होती. आल्कॉय नावाचं गाव, 5 जानेवारीची संध्याकाळ. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांची मिरवणूक. 1866पासूनची ही परंपरा तिथली सगळ्यात जुनी मानली जाते. राजांचे सेवक चक्क शिड्या लावून बाल्कनीत चढतात आणि पोरांच्या हातात गिफ्ट देतात. कसलं भारी, नाही?

मी कॉफीचा मग खाली ठेवला. ‘‘मॅडम, आमच्या वर्धा जिल्ह्यात या. तान्हा पोळा बघा.’’

‘‘तान्हा... काय?’’

तर पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडक्यात. श्रावण अमावस्येचा पोळा खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. चाकं लावलेला लाकडी बैल, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल. संध्याकाळी सगळे बैल तोरणाखाली ओळीनं उभे राहतात. सजावटीला बक्षिसं असतात. मग बैल दोरीनं ओढत दारोदार फिरायचं. घरोघरी बैलाला कुंकू लावतात आणि पोराच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. हाच बोजारा! नागपूर-वर्धा रेल्वेलाइनवरच्या सिंदीचा तान्हा पोळा तर शंभराहून अधिक वर्षं जुना. तिथले काही बैल पोरांपेक्षा उंच असतात.

फरक एवढाच, की आल्कॉयमध्ये गिफ्ट शिडी चढून घरी येतं. आमच्याकडे बोजारा हवा तर स्वतः दार वाजवावं लागतं. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची खरी गोची इथेच आहे.

त्या वर्षी बाबांनी त्यांचा लहानपणीचा लाकडी बैल गोणपाटात गुंडाळून माझ्याबरोबर पुण्याला दिला. घरची बैलजोडी त्यांनी तीन वर्षांपूर्वी विकली, आता नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. ‘‘गोठा रिकामा झाला, पण याले फिरव पोराच्या हातून,’’ एवढंच बोलले. आवाज जरा जड होता.

तान्ह्या पोळ्याला वर्ध्यात सगळा गाव रस्त्यावर, पुण्यात मात्र सगळी ऑफिसं चालू. ताई सात वाजता घरी आली. सहा वर्षांचा भाचा, बैल आणि आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो.

पहिली बेल. दार चार बोटं उघडलं. ‘‘कशाची वर्गणी?’’

ताई लाल झाली. पाच वर्षं त्या बिल्डिंगमध्ये राहूनही ती या घरात कधी गेली नव्हती. ‘‘चल, परत जाऊ,’’ ती पुटपुटली. पण भाचा पुढच्या दारापाशी पोचलासुद्धा!

तिथे एक आजी आल्या. बैलाकडे बघतच राहिल्या. ‘‘माय वं! तान्हा पोळा?’’ आजी निघाल्या आर्वीच्या. ताईच्या डोक्यावरच्याच मजल्यावर आमच्या जिल्ह्याचं माणूस, आणि आम्हाला पत्ताच नाही! त्यांनी कुंकू आणलं, बैलाला ओवाळलं, भाच्याच्या हातावर अकरा रुपये ठेवले. आणि चपला घालून आमच्याबरोबरच निघाल्या. पुढच्या प्रत्येक दारात बोजारा म्हणजे काय, ते आजीच सांगत होत्या. तळमजल्यावर पोचेपर्यंत मागे बिल्डिंगमधली सात-आठ पोरं होती. बैलाची दोरी कोणी धरायची, यावर जोरदार भांडण चालू होतं.

रात्री बाबांचा फोन. ‘‘किती जमला रे बोजारा?’’

‘‘सत्तर रुपये आणि सहा चॉकलेटं!’’

‘‘अन् घरं किती झाली?’’

‘‘नऊ.’’

‘‘मंग चांगला फिरला बैल,’’ बाबा म्हणाले.

तेव्हा दोस्तहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली, तर लगेच ‘वर्गणी नाही’ म्हणू नका. आधी जरा खाली बघा. दारात बैल उभा असेल.