बाबांची सायकल आणि सपाट रस्ता

तर झालं असं, की मागच्या मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून इकडे अ‍ॅमस्टरडॅमला आले होते. पहिल्या आठवड्यात पवनचक्क्या, कालवे, चीज असं सगळं 'बघण्यासारखं' बघून झालं. शनिवारी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते. खाली एक आजीबाई सायकलवरून निवांत चालल्या होत्या. ताठ बसलेल्या, पुढच्या टोपलीत भाजी.

"अरे, या माझ्यापेक्षा मोठ्या असतील. आणि घाई नाही, काही नाही!"

मी म्हटलं, "चला, उद्या आपणही जाऊ."

बाबा गप्प. त्याला कारण आहे. माझ्या लहानपणी बाबा रोज कंपनीत सायकलने जायचे. नळीला टॉवेल गुंडाळून त्यावर मला बसवून शाळेतही सोडायचे. २००७ मध्ये एका टेम्पोने त्यांना मागून उडवलं. हातात प्लेट बसली, तीन महिने घरी. नंतर स्कूटर आली. सायकल मात्र त्यांनी विकली नाही, जिन्याखाली ठेवून दिली. त्या विषयावर आमच्या घरी कधी बोलणं झालं नाही.

असो. रविवारी आईने "मी नाही बाई" म्हणत तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा हातात दिला आणि आम्ही ट्रेनने आल्कमारला पोचलो. स्टेशनजवळ दोन सायकली भाड्याने घेतल्या. इथल्या साध्या सायकलीला बऱ्याचदा मागचा हँडब्रेक नसतो, पेडल उलटं फिरवलं की ती थांबते. पहिल्या शंभर मीटरमध्ये बाबा तीनदा थांबले, तेही न ठरवता. :)

बेत साधा होता. आल्कमारहून बेर्खन, तिथून जंगलाच्या कडेने स्खोर्ल, पुढे काम्परडाउनला समुद्र, आणि परत येताना कालव्याकाठची सपाट वाट. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर. (या गावांची नावं घशात माशाचा काटा अडकल्यासारखी म्हणायची, म्हणजे बरोबर येतात.)

आता यातली इंजिनिअर मंडळींना आवडेल अशी गोष्ट. दिवसभरात मी फोनवर नकाशा एकदाही उघडला नाही. इथे सायकलवाटा जिथे जिथे मिळतात तिथे नंबराची पाटी असते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक नंबराकडे बाण. सकाळी आठ-दहा आकडे चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, की झालं. सरळसरळ ग्राफ आहे हो, नोड आणि एज! ही पद्धत सुरू झाली शेजारच्या बेल्जियममधल्या लिंबुर्ख प्रांतात, १९९५ मध्ये. ती काढणारे ह्यूगो बोलेन हे खाणीतले इंजिनिअर. पुढे तिचं जाळं अख्ख्या नेदरलँड्सभर पसरलं. शिवाय जंगलात वळणावळणावर गुडघ्याएवढ्या, अळंबीच्या आकाराच्या दिशादर्शक खुणा आहेत. त्या लावायला शंभर वर्षांपूर्वी सुरुवात केली एएनडब्ल्यूबी नावाच्या संस्थेने. आज ती मोटारवाल्यांची म्हणून ओळखली जाते, पण १८८३ मध्ये तिची स्थापना केली होती सायकलवाल्यांनी.

बाबांचं मात्र या कशाकडेच लक्ष नव्हतं. ते एकदम कडेला चिकटून चालवत होते आणि दर दहा सेकंदांनी मान वळवून मागे बघत होते. मागे कोणी नव्हतं. तरी बघत होते.

बेर्खन मागे पडलं आणि झाडी सुरू झाली. डावीकडे वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर पाइनचं जंगल. हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. वाळू वाऱ्याने उडून शेतांवर यायची, ती अडवायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे पाइन लावत गेले. टेकड्या पन्नासेक मीटर उंच आहेत, म्हणजे डच हिशेबाने जवळजवळ हिमालयच. पण पायथ्याची वाट सपाट. बाबा आजूबाजूला बघत म्हणाले, "हे तर आपलं सुरूचं बन!" खरंच की. कोकणात किनाऱ्यावर सुरू लावला तो याचसाठी. वासही तसाच, जरा कोरडा.

साधारण दहाव्या किलोमीटरला माझ्या लक्षात आलं, की बाबांनी मागे बघणं बंद केलंय. ते माझ्या शेजारी आले होते. इथे दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालवायला कायद्याने परवानगी आहे. आणि मग, पहिल्यांदाच, ते त्या दिवसाबद्दल बोलले.

"सगळ्यांना वाटलं, मी घाईत असेन. घाईत नव्हतो रे. आरामात चाललो होतो. म्हणूनच लागलं. जोरात असतो तर सुटलो असतो."

मला काय बोलावं सुचेना. समोरून एक कुटुंब आलं, पाच-सहा वर्षांची मुलगी आपल्या छोट्या सायकलवर सगळ्यात पुढे. आम्ही बाजूला झालो.

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, आणि आजची पोस्ट त्यासाठीच आहे. सायकल म्हटलं की आपल्याकडे आता दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, ज्याला दुसरं वाहन परवडत नाही तो माणूस. दुसरं म्हणजे आपण: घट्ट कपडे, महागडी सायकल, पहाटे चारला उठून घाट, आणि घरी आल्यावर अ‍ॅपवर आकडे टाकणं. मीही यातलाच. पुण्यात असताना २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या आत संपवून हापिसात महिनाभर मिरवलोय. त्यात वाईट काही नाही. पण तो आपल्या अप्रेझलचाच रविवारचा अवतार आहे, हेही खरं.

या दोन्हींच्या मधलं, म्हणजे उगाच, गप्पा मारत, पुऱ्या खात चालवणं आपल्याकडे जवळजवळ संपलंय. आपण म्हणतो, लोकांना वेळ नाही, हौस नाही, डच लोकांचा स्वभावच निवांत. मला हे साफ चूक वाटतं. सावकाश चालवणं हा स्वभावाचा प्रश्न नाही, रस्त्याचा आहे. मागून काहीतरी येईल ही भीती असली, की माणूस जोरात चालवतो, नाहीतर सोडून देतो. आपण पहिल्या गटात आहोत, बाबा दुसऱ्या.

आणि इथेही हे काही आकाशातून पडलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डचांनीही मोटारींसाठी शहरं फोडली. १९७१ मध्ये या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं. मग आई-बाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नाव होतं 'मुलांच्या हत्या थांबवा'. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवार मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा लोकांना रिकामे रस्ते कसे दिसतात ते कळलं. पुढची कित्येक वर्षं भांडून, खर्च करून हे उभं राहिलंय. आज गावातल्या काही लाल रस्त्यांवर पाटी असते: मोटार इथे पाहुणी आहे. बाबांना अर्थ सांगितला, तर त्यांनी सायकल थांबवून त्या पाटीचा फोटो काढला.

"त्यांचं बरं आहे, माणसं कमी," हा आपला ठेवणीतला मुद्दा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं. नेदरलँड्समध्ये आज ५०० च्या वर. सपाट जमिनीचा फायदा आहे, मान्य. पण तिथे समुद्रावरचा वारा घाटाची कसर भरून काढतो. काम्परडाउनला समुद्र बघून, कॉफी आणि अ‍ॅपल पाय हाणून परत निघालो, तेव्हा कालव्याकाठी समोरून असा वारा लागला की आम्ही दोघं पहिल्या गिअरवर. बाबा हसत होते.

आणि सपाट जमीन आपल्याकडे नाही का? डहाणू ते बोर्डी बघा. पंधरा-सतरा किलोमीटर, एका बाजूला समुद्र आणि सुरू, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. २०१३ पासून लोकलही डहाणूपर्यंत जाते. तिथे पूल नकोत, बोगदे नकोत. गाड्यांपासून वेगळी, सलग, आठ फुटी वाट आणि नंबराच्या चार पाट्या पुरतील. अलिबाग-रेवदंड्यालाही तेच. किनाऱ्यावर रुंद रस्त्यांचे बेत आपण नेहमीच आखतो. त्यात ही आठ फुटं मागायला कोणीतरी हवं. आपण ग्रुपने पुणे-गोवा करतो, टी-शर्ट छापतो. पण कोणीतरी आठ फुटं मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मी स्वतःही कधी मागितली नाहीत.

आई-बाबा परत गेले. गेल्या रविवारी फोनवर आई म्हणाली, बाबांनी जिन्याखालची सायकल काढलीये. नवे टायर टाकले, तेलपाणी केलं, रोज संध्याकाळी अर्धा तास चालवतात.

मी खूश होऊन विचारलं, "कुठपर्यंत जाता?"

बाबा म्हणाले, "सोसायटीतच रे. गेटपर्यंत जातो आणि वळतो."