डोक्यावर आभाळ असेतो

माण नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी. त्यामुळे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या मागच्या पिढ्यांना पोहणं शिकवलं ते विहिरीने. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर सुकलेला भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर उभ्या चुलत्याच्या मुठीत. आधी बिंडा सुटायचा, मग दोर. मग मुटका, मग सूर. सगळ्यात शेवटी बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणून दाखवायची. मध्येच एखादी पायरी गाळू म्हणणाऱ्या पोराला काठावरचा चुलता गाळू देत नसे.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकायला निघालेला माणूस पाण्याने भरलेल्या गुहेपर्यंत जातो, तोही याच वाटेने; त्याच्या इयत्ता जास्त असतात, इतकंच. पहिल्या परवान्यावर साधारण 18 मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्यावर 30, आणि हौशी पाणबुड्याची हद्द 40 मीटरला संपते. हे आकडे कुणी मनाने ठरवलेले नाहीत. दर दहा मीटरला अंगावर एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो, प्रसंगी मरतो. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचं कोष्टक 1908 मध्ये छापलं. पाण्याखालून आज जो जो सुखरूप वर येतो, तो या कोष्टकाच्या वंशातल्या हिशेबावरच.

40 मीटरच्या खाली टेक्निकल डायव्हिंग सुरू होतं. तिथे नायट्रोजन दारूसारखा चढतो, म्हणून श्वासाच्या हवेत हेलियम मिसळावा लागतो. वाटेत ठरल्या खोलीवर थांबत थांबत वर यावं लागतं. सरळ वर येण्याचा हक्क तिथे उरत नाही. गुहेत तर वरही दगडच. विहिरीत घाबरलेलं पोर हातपाय मारत आभाळाकडे येतं. गुहेत घाबरलेल्या माणसाला आलेल्या वाटेनेच परतावं लागतं, तेही स्वतःच्या पायांनी उठवलेल्या गाळाच्या अंधारातून.

ही विद्या प्रेतं मोजत मोजत वाढली आहे. इंग्लंडच्या वूकी होल गुहेत 1935 साली बाल्कम आणि शेपर्ड धातूचं शिरस्त्राण घालून, काठावरून नळीने हवा घेत उतरले. 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून मागणीप्रमाणे हवा देणारं यंत्र केलं. लगेच 1946 मध्ये कूस्तो आपल्या सोबत्यासह फ्रान्समधल्या व्होक्लूजच्या झऱ्यात उतरला आणि मरता मरता वाचला. हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच विषारी धूर टाकीत ओढून घेतला होता. काठावर दोर धरून बसलेल्या फार्ग नावाच्या साथीदाराने त्याला वर ओढलं. पुढच्याच वर्षी खोलीचा विक्रम करताना हा फार्ग गेला. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी आपले लोक पेटता कंदील खाली सोडत. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. श्वासाची हवा आधी तपासा, हा धडा कंदील सोडणारे हात कधीच शिकले होते.

अमेरिकेच्या शेक एक्सली या शिक्षकाने गुहेतल्या मृत्यूंची एकेक करून चिकित्सा केली आणि 1979 मध्ये नियम छापले: बाहेरपर्यंत अखंड दोरी असू द्या, एक तृतीयांश हवेत आत जा, एक तृतीयांशात बाहेर या, उरलेली अडचणीसाठी राखा, आणि झेपेल त्याहून खोल जाऊ नका. एक्सली स्वतः 1994 साली मेक्सिकोत विक्रमी खोली गाठताना गेला. मला हा माणूस या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो, कारण इतरांच्या मरणातून त्याने हजारोंसाठी वाट काढली.

या गोष्टीत सांगली जिल्हाही आहे. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. आटपाडीही तेव्हा त्याच औंध संस्थानात होती. 2018 च्या जून-जुलैत थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा किर्लोस्कर कंपनीचे तंत्रज्ञ पाणी उपसण्याच्या कामात मदतीला होते आणि चार पंप विमानाने तिकडे न्यायला किर्लोस्करवाडीत सज्ज ठेवले होते. मुलांपर्यंत पहिले पोचले ते स्टँटन आणि व्होलंथन. एक अग्निशमन दलातला, दुसरा संगणकातला. गुहेतलं पोहणं दोघांनी हौसेने, वर्षानुवर्षं शिकलेलं. टाक्या पोचवून परतताना समान कुनान हा नौदलाचा माजी जवान मात्र हवा संपून गेला. अठराव्या दिवसापर्यंत तेराही जण बाहेर आले.

आता आपल्याकडे बघा. 1993 पासूनच्या पाणी परिषदांनी आणि टेंभू उपसा सिंचन योजनेच्या लढ्याने कृष्णेचं पाणी या दुष्काळी मुलखात आणलं. हे पाणी हक्काचं आहे आणि त्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी उन्हातान्हात मोर्चे काढले. डाळिंबाच्या बागांशेजारी कागद अंथरलेली शेततळी उभी राहिली. पण याच काळात मोट गेली, विहिरींवर जाळ्या आल्या, बोअर आले आणि पोरांचं पोहणं सुटलं. पाणी वाढलं आणि पाण्याची ओळख घटली. शेततळ्याच्या कागदावर पाय ठरत नाही. चांगला पोहणाराही धरायला काही नसेल तर बाहेर येऊ शकत नाही. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून मारलेल्या वीस मिनिटांच्या बुडीचा फोटो आनंदाचा आहे, पण तेवढ्याने पाण्याची ओळख होत नाही. तिथेच पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. टेंभूचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक तालुक्याने तिथे दोन-चार पोरं पहिल्या पायरीपासून शिकायला पाठवावीत.

ते होईल तेव्हा होईल. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रत्येक शेततळ्याच्या चारही कडांना गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडा, काठावर हवा भरलेली एक ट्यूब बांधून ठेवा, आणि आपल्या पोराला पोहायला शिकवा.