मांजरीच्या ट्रेत काय घालावे?

मुंब्र्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. चौथ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, दोन वर्षांची मांजर, आणि सुनेला पाचवा महिना. ट्रेमध्ये जवळच्या बांधकामावरून आणलेली वाळू घालतात. घरभर वास येतो, वाळूचे कण जानमाजपर्यंत पोचतात. मुलांचे अब्बा म्हणतात, ईदच्या आत ही मांजर मच्छीमार्केटात सोडून या. "मांजर ठेवावी की घर पाक ठेवावे, एकच काय ते सांगा," असे भगिनी लिहितात. आम्हाला वाटते, दोन्ही जमेल. काढून टाकायची आहे ती वाळू.

मांजर स्वतः नापाक नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीला पिता यावे म्हणून तिरके धरले. पाहणाऱ्या सुनेला नवल वाटले, तेव्हा त्यांनी रसूलुल्लाह (सल्ल.) यांचा इर्शाद सांगितला, की ती नापाक नाही, तुमच्यात वावरणाऱ्यांपैकीच आहे. मात्र तिचे मूत्र व विष्ठा नापाक, हे हनफी आणि शाफई दोघेही मानतात. म्हणजे तक्रार मांजरीची नाही, ट्रेची आहे. आणि दोन वर्षे घरात वाढलेली मांजर बाजारातल्या कुत्र्यांत किती दिवस काढेल, हे मुलांच्या अब्बांनीही मनाशी विचारावे.

वाळू मूत्र शोषून घेत नाही. ते खाली झिरपते, ट्रेच्या तळाशी साचते आणि त्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो. राख पायाला चिकटून घरभर होते. वखारीतला बारीक भुसा फुकट मिळतो खरा, पण तोही अंगाला चिकटतो आणि उडतो. अमेरिकेतही पूर्वी लोक राख आणि वाळूच वापरत. 1947 मध्ये मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लो नावाच्या व्यापाऱ्याने शेजारणीला राखेऐवजी एक शोषक माती दिली, आणि तिथून हा धंदा सुरू झाला. ती माती म्हणजे आपल्या दादी-नानी चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्याच जातीची! दुकानात या सगळ्या मालाला 'लिटर' म्हणतात. दुधाच्या लिटरशी घोळ नको म्हणून आम्ही मातीच म्हणतो.

आज बहुतेक घरांना सोयीची पडते ती बेंटोनाइटची गोळे होणारी माती. आपल्याकडे ती कच्छमध्ये खाणीतून निघते. ओली झाली की फुगते आणि मूत्राचा घट्ट गोळा बनतो. जाळीच्या चमच्याने तो गोळा उचलला की नापाक भाग निघून जातो, उरलेली माती कोरडीच राहते. पाकीच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे. घेताना बारीक दाण्याची आणि बिनवासाची घ्या. लव्हेंडर, लिंबू असले सुगंध आपल्याला बरे वाटतात, पण मांजरीचे नाक आपल्याहून फार तीक्ष्ण. तिला तो वास सहन झाला नाही तर ती ट्रे सोडून गादीवर जाईल. थर दोन-तीन इंचांचा हवा.

या मातीत खोटही आहे. जड असते, चार मजले चढवताना कळते. ओतताना धूळ उडते, तेव्हा घरात दम्याचा रुग्ण असेल तर लाकडाच्या दाबलेल्या कांड्या बऱ्या. त्या ओल्या झाल्या की भुगा होतात. काही मांजरींना मात्र पायाखाली टोचतात. सोयाबीनच्या चोथ्याची माती हलकी असते, पण कोकणच्या पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर बुरशी धरते. तीन-चार महिन्यांच्या आतली पिल्ले दिसेल ते चाटतात, म्हणून त्यांना गोळे होणारी माती नको. आणि माती कोणतीही असो, संडासात टाकू नका. बेंटोनाइट पाइपातही फुगते आणि सगळ्या बिल्डिंगची लाइन तुंबते. कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या.

आता सुनेचे. मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाज्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि गर्भाला त्याचा धोका असतो. म्हणून बाळंतपणापर्यंत सुनेने ट्रेला हात लावू नये. हे काम मुलाने करावे, त्यात कमीपणा नाही. विष्ठा पडल्यापासून तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ट्रे रोज साफ केला तर धोका पुष्कळ घटतो. फज्रनंतर एकदा आणि इशाच्या आधी एकदा, असे ठरवून टाका. मांजरीला कच्चे मांस घालू नका, कुर्बानीचे तुकडेसुद्धा शिजवूनच द्या. हा परजीवी कच्च्या मांसातून माणसालाही होतो, तेव्हा सुनेने मटण कापल्यावर हात साबणाने धुवावेत.

ट्रे धुताना साबण आणि गरम पाणी पुरे. फिनाईल किंवा पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशके मांजरीला विषारी ठरतात. ती पाय चाटते आणि औषध पोटात जाते. ट्रे मांजरीच्या लांबीच्या दीडपट असावा, नमाजच्या खोलीत नसावा, आणि बाहेर काथ्याचे पायपुसणे टाकावे, म्हणजे पायाचे कण तिथेच झडतात.

वाळू एका दिवसात काढू नका. आठवडाभर जुन्या वाळूत नवी माती थोडी थोडी वाढवत न्या. एवढे करूनही ती ट्रेबाहेर जात असेल, तर हट्ट समजून मारू नका, आधी तपासून घ्या. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. मूत्रमार्ग बंद झालेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो.