निजलेला रुग्ण आपण कधी पाहिला आहे काय?

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ चरकाचार्यांनी सांगितले आहेत. पैकी आहाराविषयी आपण रुग्णास दहा प्रश्न विचारतो, निद्रेविषयी मात्र एकच : "झोप कशी आहे?" रुग्ण "बरी आहे" म्हणतो किंवा "अजिबात लागत नाही" म्हणतो, आणि ते उत्तर आपण केसपेपरवर जसेच्या तसे उतरवून घेतो. नाडी आपण स्वतः पाहतो, जिव्हा स्वतः पाहतो. निद्रेची परीक्षा तेवढी, ज्याला त्या वेळी स्वतःचेच भान नसते, त्याच्या साक्षीवर सोडून देतो. हे वैद्यकास शोभणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत ग्रंथ वाचून बनलेले नाही. विद्यार्थिदशेत, २००२ च्या सुमारास, पुण्यातील एका रुग्णालयाच्या निद्रा प्रयोगशाळेत आम्ही काही महिने रात्रीचे साहाय्यक म्हणून काम केले. मानधन नाममात्र होते. खरे सांगायचे तर, वसतिगृहातील उकाड्यापेक्षा तेथील गार खोली बरी, हाही एक हेतू होता.

काम वरकरणी मजुराचे. रात्री नऊच्या सुमारास रुग्ण येई. नासामूळापासून डोक्याच्या मागील उंचवट्यापर्यंत फितीने माप घ्यायचे, पेन्सिलीने खुणा करायच्या, त्या जागची त्वचा घासून लेपाने तारा चिकटवायच्या. मस्तकावर, डोळ्यांच्या कडांशी, हनुवटीवर, दोन्ही नडग्यांवर. शिवाय छातीला व पोटाला पट्टे, नाकापुढे श्वासाचा वेध घेणारी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. मग शेजारच्या खोलीतून सूचना द्यायच्या : डोळे डावीकडे, उजवीकडे, दात आवळा, पाऊल हलवा. पडद्यावरची प्रत्येक रेषा आज्ञेप्रमाणे हलली की दिवा मालवायचा आणि पहाटेपर्यंत बसून राहायचे. नोंदीचे एक पान तीस सेकंदांचे, म्हणजे आठ तासांची ९६० पाने. त्यातील प्रत्येक पानावर निद्रेची अवस्था लिहायची. तीच पाने दुसरा साहाय्यक आमचे उत्तर न पाहता तपासी, आणि दोघांत फरक आला की वरिष्ठांपुढे उभे राहावे लागे. आपल्या निदानाची अशी झडती आयुष्यात पुन्हा कोणी घेतली नाही.

त्या काळातील दोन रुग्ण आम्ही विसरलो नाही. एक शिक्षिका होत्या. महिनाभर डोळ्याला डोळा लागला नाही, अशी त्यांची तक्रार. त्या रात्री त्या पाच तासांहून अधिक झोपल्या, हे आम्ही पानापानावर पाहिले. सकाळी मात्र "बघा, रात्रभर जागीच होते" असे त्यांनी शपथेवर सांगितले. बाई खोटे बोलत नव्हत्या. झोप झाली असूनही ती झाल्याची जाणीव न होणे, ही एक निराळी व्याधी आहे, आणि तिची चिकित्साही निराळी.

दुसरे एक स्थूल व्यापारी. त्यांची स्वतःची तक्रार काहीच नव्हती. पत्नीने आणले म्हणून आले. पाठ टेकताच घोरू लागले. थोड्या वेळाने घोरणे थांबले आणि नाकापुढील श्वासाची रेषा सपाट झाली. छाती-पोटाचे पट्टे मात्र हलतच होते. श्वास घेण्याची धडपड चालू, वाट बंद. दहा सेकंद, वीस सेकंद, तीस. प्राणवायूचा आकडा खाली येऊ लागला. मग सर्वांग दचकले, मोठा घोरका आला, श्वास सुरू झाला. दोन मिनिटांत पुन्हा तेच, आणि असे रात्रभर. सुश्रुताचार्यांनी मेदोवृद्धीच्या लक्षणांत 'क्रथन' हा शब्द घातला आहे आणि टीकाकार त्याचा संबंध श्वास अकस्मात अडण्याशी लावतात. परीक्षेसाठी तो शब्द आम्ही पाठ केला होता. पाहिला त्या रात्री.

साहाय्यकाचे काम हलके समजणाऱ्यांनी निद्राविज्ञानाचा इतिहास पाहावा. शिकागो विद्यापीठात क्लाइटमन यांच्या हाताखाली असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी होता. निजलेल्या तान्ह्या मुलांच्या पापण्यांकडे तासन्‌तास पाहत बसणे, हे त्याचे काम. पुढे तळघरात पडून असलेले एक जुने यंत्र त्याने दुरुस्त केले आणि १९५१ मध्ये आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच तारा लावल्या. गाढ निजलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या रेषा मध्येच वेगाने हलू लागल्या. यंत्र बिघडले, असेच त्याला प्रथम वाटले. खात्री करून घेता ती डोळ्यांचीच हालचाल निघाली. क्लाइटमन यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या मुलीवर प्रयोग करवून घेतला. १९५३ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला आणि स्वप्नावस्थेच्या निद्रेचा शोध जगापुढे आला. रात्रभर पाहत बसण्याची चिकाटी नसती, तर हा शोध त्या रात्री निसटला असता.

आता आपल्या भागाकडे वळू. फैजपूर, सावदा, रावेर हा केळीचा पट्टा. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकरी मध्यरात्री उठून बागेत पाणी धरतो; दुसऱ्या पाळीत वीज दिवसा येते, तेव्हा तो रात्री झोपू पाहतो आणि झोप येत नाही. मग तो आपल्याकडे येतो किंवा थेट औषधी दुकानात जाऊन "झोपेची आयुर्वेदिक गोळी" मागतो. या माणसाची निद्रा बिघडलेली नाही, तिची वेळ बिघडली आहे. शेजारी उभा असलेला दुसरा गिऱ्हाईक कदाचित त्या व्यापाऱ्यासारखा असेल. दोघांना एकच सर्पगंधा घनवटी मिळते.

दुकानदार बंधू यावर रागावतील, रागावोत. चरकाचार्यांनी निद्रानाशावर दूध, दही, मद्य सांगितले आणि त्याच अध्यायात स्थूलाला जागरण सांगितले. दोन्ही विधाने एकत्र वाचायची असतात. मद्याने व गुंगी आणणाऱ्या औषधांनी घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वास अधिकच अडतो, हे आता सिद्ध आहे. म्हणून झोपेचे औषध देण्यापूर्वी गिऱ्हाईक घोरतो काय, झोपेत श्वास अडल्याचे घरच्यांनी पाहिले काय, दिवसा बसल्या जागी पेंगतो काय, एवढे विचारावेच. शक्यतो पत्नीला विचारावे.

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील की तारांच्या जंजाळात येणारी झोप ही झोपच नव्हे. पहिल्या रात्री ती नेहमीपेक्षा वाईट लागते, हे खरे आहे आणि प्रयोगशाळांनाही ते ठाऊक आहे. पण म्हणून न पाहणे हा त्यावरचा उपाय होत नाही. तगर, जटामांसी, अश्वगंधा यांवरील आपले बहुतेक निष्कर्ष रुग्णाच्या सांगण्यावर उभे आहेत, आणि त्या शिक्षिकेची साक्ष आम्ही वर नमूद केली आहे.

आमची सूचना अशी. जळगाव-धुळे भागातील अंतिम वर्षाच्या निवडक विद्यार्थ्यांना सुटीत महिनाभर पुण्या-मुंबईच्या निद्रा प्रयोगशाळेत रात्रीचे साहाय्यक म्हणून पाठवावे. राहण्याचा खर्च संघटनेने उचलावा, आम्हीही आमचा वाटा देऊ. दिवसा त्यांनी झोपावे कसे, हा प्रश्न पालक विचारतील. वाग्भटाचार्यांनी तो सोडवून ठेवला आहे : जितके जागरण, त्याच्या निम्मी झोप, सकाळी, जेवणापूर्वी. आम्ही मात्र त्या वेळी खानावळीत भरपेट जेवून झोपत असू आणि दुपारी चारला जड डोक्याने उठत असू. आमच्या ओळखीचे दोन विद्यार्थी जायला तयार आहेत. पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे.