पाण्यापासून खत : हिशोब विजेचा

पाण्याचें विद्युद्विघटन करून हायड्रोजन वायु काढावा व त्यापासून नत्रयुक्त खत करावें, या योजनेची चर्चा हल्लीं सर्वत्र चालू आहे. भारत सरकारनें 2023 च्या जानेवारींत राष्ट्रीय हरित हायड्रोजन कार्यक्रमास मंजुरी देऊन 19,744 कोटी रुपयांची तरतूद केली, व 2030 पर्यंत वर्षास 50 लाख टन हायड्रोजन काढण्याचें ध्येय ठरविलें. खत हें शेतकऱ्याच्या खर्चाचें मोठें कलम असल्यामुळें या बाबतींत आमच्या वर्गानें आपलें मत वेळीच बनविणें अगत्याचें आहे.

या विद्येचें मर्म एका पातळ पडद्यांत आहे, आणि त्या पडद्याचें तत्त्व शेतकऱ्यास परकें नाहीं. इंग्लंडांत एच. एस. टॉम्सन व जे. टॉमस वे यांनीं मातींतून खताचें पाणी गाळून पाहिलें, तेव्हां अमोनिया मातींत राहतो व त्याच्या बदल्यांत चुना बाहेर पडतो, असें त्यांस आढळलें. 1850 सालीं हा शोध तेथील रॉयल कृषि-संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यास चुना, पालाश, अमोनिया इत्यादिकांचे धनभारित कण, म्हणजे आयन, चिकटून राहतात, व एकाची जागा दुसरा घेतो. चोपण जमिनींत आपण जिप्सम घालतों तें याचसाठीं. जिप्सममधील कॅल्शियम मातीस चिकटलेल्या सोडियमला हुसकून लावतें, व सोडियम पाण्याबरोबर निचरून जातें.

कृत्रिम पडद्यांतहि असेच ऋणभार पक्के बसविलेले असतात. एका बाजूस पाणी फुटून प्राणवायु सुटतो. हायड्रोजनचे आयन तेवढे पडदा ओलांडून पलीकडे जातात व तेथें वायुरूप होतात. दोन्ही वायु वेगळे राहिल्यामुळें स्फोटाचें भय टळतें. गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनींत वॉल्थर ग्रोट यांनीं नॅफिऑन नांवाचा पडदा तयार केला. त्या जातीचे पडदे आजहि वापरांत आहेत. त्यांस पाणी मात्र अत्यंत शुद्ध लागतें. विहिरीच्या जड पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम हायड्रोजनची जागा अडवून बसतात व यंत्र मंदावतें. शिवाय या यंत्रास इरिडियम हा दुर्मिळ धातु लागतो. तो टाळण्यासाठीं उलट भाराचे पडदे निघाले आहेत. त्यांत निकेलसारखा स्वस्त धातु चालतो, परंतु त्यांचें आयुष्य अजून कमी भरतें.

कित्येक टीकाकार म्हणतात कीं, दुष्काळी मुलखांत पाणी फोडणें हा अविचार आहे. हिशोब करून पाहूं. 1 किलो हायड्रोजनास 9 लिटर पाणी व सुमारें 50 ते 55 युनिट वीज लागते. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यास साडेचार किलो हायड्रोजन हवा. म्हणजे पोत्यामागें पाणी 40 लिटर. शुद्धीकरणांत व यंत्र थंड ठेवण्यांत जाणारें पाणी धरलें, तरी पांच अश्वशक्तीचा पंप तें मिनिटाभरांत ओतील. वीज मात्र निव्वळ पाणी फोडण्यासच 225 ते 250 युनिट! तेवढ्या विजेवर तोच पंप सुमारें पन्नास तास चालेल. तेव्हां खरा प्रश्न पाण्याचा नसून विजेचा आहे.

याचा अनुभव आपल्या देशास पूर्वींच आलेला आहे. पंजाबांत नांगल येथें 1961 सालीं भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून खत करणारा कारखाना सुरू झाला. पुढें त्या विजेवर इतरांच्या मागण्या वाढल्या, आणि 1978 सालीं तेथें इंधनतेलावर चालणारा नवा कारखाना उभारावा लागला. विद्या खोटी ठरली नव्हती. विजेचें गणित फिरलें होतें.

दुसरी गोष्ट कार्बन डाय-ऑक्साइडची. नैसर्गिक वायूपासून युरिया करतांना तो त्याच वायूंतून मिळतो. पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनबरोबर तो येत नाहीं. पोत्यामागें सुमारें 33 किलो बाहेरून आणावा लागेल. आमच्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबतांना हा वायु पुष्कळ शुद्ध स्थितींत सुटतो. पडद्यांच्या साहाय्यानें त्यापासून इथिलीन, फॉर्मिक आम्ल इत्यादि पदार्थ करण्याचे प्रयोग चालू आहेत. परंतु त्या यंत्रांत बराचसा वायु कार्बोनेट बनून पडद्यापलीकडे निसटतो व वायां जातो. म्हणून आज तरी या वायूस युरियाचा मार्गच अधिक भरंवशाचा दिसतो.

आमचें मत असें कीं, शेतकऱ्यांनीं या योजनेस विरोध करूं नये. परंतु तीन अटी ठामपणें मांडाव्या. पाणी फोडण्यास लागणारी वीज नव्यानें उभारलेल्या सौर व पवन केंद्रांचीच असावी. शेतीपंपांच्या दिवसाच्या विजेंतून एक युनिटहि कापला जाऊं नये. निघणाऱ्या हायड्रोजनवर पहिला हक्क खताचा असावा; मोटारगाड्या व परदेशची निर्यात यांचा विचार त्यामागून व्हावा. आणि सभासदांच्या उसापासून निघणारा वायु कोणासहि फुकट न देतां त्याचा भाव सहकारी कारखान्यांनीं आधींच ठरवून घ्यावा. करार होऊन गेल्यावर तक्रार करण्यापेक्षां करारापूर्वीं हिशोब मागणें केव्हांहि बरें. येत्या वार्षिक सभांत सभासदांनीं हे तीन ठराव अवश्य मांडावे.