खरखर कोणती, ते आधी ऐका
लिनक्सवर आवाज खरखरायला लागला की सल्ला ठरलेला: ड्रायव्हर पुन्हा टाका. असं सांगणाऱ्याने खरखर ऐकलेलीच नसते. गाणं मध्येच तुटत, तडतडत असेल तर बहुधा बफर अपुरा पडतोय. तो वाढवून बघावा. माऊस हलवला की सूं-सूं बदलत असेल तर बोर्डावरचा विद्युत गोंधळ अ‍ॅनालॉग वाटेने शिरतोय. तिथे ड्रायव्हर बिचारा निर्दोष. बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड लावावं. पण गाणं संपल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ आणि पुढचं सुरू होताना पुन्हा ‘टक्’, हा मात्र ड्रायव्हरचाच प्रताप. वीज वाचवायला तो आवाजाची चिप झोपवतो, काम आलं की उठवतो. इंटेल एचडी ऑडिओच्या ड्रायव्हरला ‘पॉवर सेव्ह’ नावाचा एक आकडा दिलेला असतो: किती सेकंद शांतता गेली की झोपायचं. तिथे 0 लिहिलं की झोप बंद. हा बदल चालू मशीनवर रूट होऊन लगेच करता येतो, रीस्टार्ट केलं की पुसला जातो. टकटक थांबली, तरच तो मॉडप्रोबच्या फाइलीत कायमचा लिहावा. ज्या बोर्डांना ही खोड आहे, त्यांतल्या काहींची यादी कर्नलमध्येच आहे. त्यांची झोप आपोआप मोडली जाते. तुमचं मशीन त्यात नसेल तर बग कळवा. पुढच्याचा त्रास वाचेल. लॅपटॉपवाल्यांना थोडी बॅटरी मोजावी लागेल, पण कानांची किंमत त्याहून जास्त आहे.