गोंगाट कोणाच्या घरचा?

घरी हौशी रेडिओ केंद्र चालविणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. दुकान बंद करून, जेवण आटोपून ७ मेगाहर्ट्झवर मित्रांना गाठावे, तर कानी पडते ती केवळ अखंड घरघर. दूरस्थ आवाज तिच्याखाली गाडला जातो. अशा वेळी पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. माझाही तेथेच गेला होता.

या घरघरीचे मूळ बहुतेक वेळा चार्जर, अडॅप्टर किंवा एलईडी दिवा यांत असते. ही उपकरणे वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तिचा दाब कमी करतात आणि त्या तोडजोडीचे तरंग लघुलहरींपर्यंत पसरतात. आतील फिल्टर चांगला असेल तर ते तेथेच जिरतात. उत्पादकाने फिल्टरच्या खर्चात काटकसर केली असेल तर घरभरचे वायरिंगच त्यांची अँटेना होते.

उगम शोधण्याची रीत सोपी आहे. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा, घराचा मेन स्विच बंद करावा आणि ऐकावे. घरघर थांबली तर दोष घरातच; मग एकेक एमसीबी वर करीत तो नेमका कोठे आहे ते शोधता येते. मात्र इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो. मेन गेला तरी तो दिवे चालूच ठेवतो आणि आपला निष्कर्ष चुकतो.

मी हे सारे केले. इन्व्हर्टरही विसरलो नाही. मीटरचा काटा ८ वरून हलला नाही. शेजारच्या काकांनी नुकतेच गॅलरीत नवे दिवे लावले होते, आणि गच्चीवरील माझ्या तारेवरून आमच्यात पूर्वी एकदा शब्दाला शब्द लागला होता. तरीही मी गेलो. काका क्षणभर पाहत राहिले, मग म्हणाले, ‘‘बघून घ्या एकदाचे,’’ आणि मालिका ऐन रंगात असताना त्यांनी घराचा मेन खाली ओढला. आमच्या घरी मुलगा मीटरजवळ बसला होता. त्याने खिडकीतून ओरडून सांगितले, ‘‘बाबा, अजून आठच!’’

परतताना हातात मध्यम लहरींचा छोटा ट्रान्झिस्टर होता. आमच्याच दुकानाच्या शटरपाशी तो कर्कश ओरडू लागला. दुकान आमच्या घराखालीच, पण त्याचा मीटर वेगळा; घराचा मेन बंद करून तेथे काय थांबणार? सीसीटीव्हीचा पॉवर सप्लाय तेथे अहोरात्र चालू होता. मीच घासाघीस करून तो स्वस्तात आणला होता. त्याच्या कॅमेऱ्यांच्या तारा गच्चीपर्यंत, थेट माझ्या अँटेनाखालून गेलेल्या!

दुसऱ्या दिवशी बरा सप्लाय बसविला, तारा अँटेनापासून दूर नेल्या आणि त्यांच्यावर फेराइटच्या रिंगा चढविल्या. रिंग नुसती अडकवून फारसे साधत नाही. तार तिच्यातून अनेकदा ओवावी. वेढे दुप्पट झाले की अडथळा साधारण चौपट होतो. अँटेनाच्या मुखाशी कोअॅक्स केबलचेही असेच वेढे घेतले, कारण केबलच्या बाहेरच्या जाळीवरूनही घरातला गोंगाट वर चढतो. काटा ३ वर आला. व्यापाऱ्याला हा हिशेब सांगण्याजोगा आहे: मीटरवरचा एक अंक म्हणजे ६ डेसिबल, शक्तीत चौपट. पाच अंक उतरले म्हणजे गोंगाट सुमारे हजारपट घटला.

मग काकांकडे जाऊन चूक कबूल केली. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मग आता आमचेही ऐका. तुम्ही रात्री बोलू लागलात की आमच्या स्पीकरमधून कोणीतरी तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा आवाज येतो.’’ इतके दिवस त्यांनी हे मनातच ठेवले होते. येथे माझे उपकरण निर्दोष होते, पण स्पीकरची लांब तार अँटेना होऊन माझा आवाज त्यांच्या अॅम्प्लिफायरमध्ये उतरवीत होती, आणि त्याला काकांचा काही इलाज नव्हता. उरलेल्या दोन रिंगा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि अॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ स्पीकरच्या तारेचे आठ-आठ वेढे घातले. मग घरी येऊन ५० वॅटवर बोलू लागलो. काका खिडकीत उभे होते. त्यांनी हात वर करून ‘काही नाही’ अशी खूण केली.